उडी नसलेला गुरुवार

एक पांढरी पेटी, गुडघ्याएवढी उंच. झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर मोहोर, मोहोरेखाली आजची तारीख.

०

हजेरीपुस्तकातलं एक पान. सोमवार. अकरा सह्या निळ्या, एक काळी.

०

एक फोटो. मंत्रिमहोदयांचा हात कोपरापर्यंत पेटीत. मागे सातजण हसताहेत. आठवी बाई हसत नाहीये, ती घड्याळाकडे बघते आहे.

०

वार्षिक अहवालाचा मसुदा, पान एकसष्ट : ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवसंशोधनात विभागाची यंदाची झेप. पूर्ण झालेले प्रकल्प : चाळीस.’ चाळीसखाली पेन्सिलीच्या दोन रेघा.

०

तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या स्वच्छतागृहात कोणीतरी तोंड धुतं आहे. नळ बंद होतो. पुन्हा सुरू होतो. हे तिसऱ्यांदा.

०

ताटाएवढा गोल कागद, मधोमध भोक. त्यावर जांभळी रेघ, इतकी गुळगुळीत की काढणाऱ्याने श्वास रोखून धरला असावा.

सकाळचे अकरा

ही सगळी चिल्लर एकाच टेबलावर जमा झाली ती टाचणीबाईंच्या.

टाचणीबाई म्हणजे विभागाच्या दक्षता अधिकारी. हे नाव त्यांना पाठीमागून मिळालं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. कागद असो की माणूस, बाई नेमकं टोचून जागच्या जागी बसवतात, असा त्याचा अर्थ. त्यांची वीस वर्षं भांडारात आणि भरतीत गेली होती. विज्ञानातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण समोरचा माणूस एक शब्द गिळून बोलला, की तो कळायचा.

फोनवर सचिवबाई होत्या.

“पाचला अहवाल छापखान्यात जातो. त्याआधी तुमचं मत हवं, लेखी. बनावट कोणी केली, तेवढंच.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तर ज्याचा फायदा, त्याचं नाव. पेटी बंद, पेटीबाई घरी.”

पेटीबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधक. विजेशिवाय लस थंड ठेवणारी पेटी त्यांनी बनवली होती. सात दिवस, दोन ते आठ अंशांच्या मध्ये. चाचणी अगदी सरळ होती. पेटीला एक नोंदयंत्र जोडायचं, त्यावर गोल कागदी चकती चढवायची. यंत्रातलं घड्याळ आठवड्यात चकतीची एक फेरी पूर्ण करतं आणि पेन तापमानाची रेघ ओढत राहतं. चकतीवर आठ अंशांचं लाल वर्तुळ छापलेलं असतं. रेघ त्याच्या आत राहिली, की पेटी पास.

नियम असा, की पेटी बनवणाऱ्याने चकतीला हात लावायचा नाही. चकती लावणार आणि काढणार यंत्रकाका, म्हणजे प्रयोगशाळेचे यंत्रचालक. तिथून ती बंद पाकिटात थेट अहवाल शाखेत.

आज सकाळी बाहेरच्या परीक्षकाने ती चकती एका ओळीच्या चिठ्ठीसह परत पाठवली होती : ‘यंत्राची शाई कागदात फुटते. ही रेघ माणसाने पेनाने काढली आहे.’

खरी चकती कुठेच नव्हती.

बारा

“बसा.”

“उभीच बरी आहे.” पेटीबाईंच्या कानांजवळचे केस अजून ओले होते.

टाचणीबाईंनी चकती पुढे सरकवली. पेटीबाईंनी ती उचलली नाही, नुसती वाकून पाहिली आणि हसल्या. त्या हसण्यात चांगलं असं काही नव्हतं.

“ज्याने ही काढली, त्याने माझी पेटी चालताना कधी बघितलेलीच नाही.”

“कशावरून?”

“हे बघा, सोमवारी सकाळी दहाला पेटीत बर्फाच्या विटा भरतात. त्याआधी आत खोलीइतकीच ऊब, अठ्ठावीस अंश. पेन तिथून निघतं आणि कड्यावरून पडल्यासारखं खाली येतं. इथे कडाच नाही. पहिल्या मिनिटापासून पाच अंश. पेटी काय जन्मतःच गार होती?”

“पुढे?”

“गुरुवार. मंत्रिमहोदय आले आणि म्हणाले, बघू तरी किती गार आहे. घातला हात! दोन मिनिटं झाकण उघडं. मी घड्याळाकडे बघत मनात शिव्या घालत होते. त्या दोन मिनिटांत पेन उडी मारणारच. इथे गुरुवार कसा आहे? इस्त्री केल्यासारखा.”

“उडी लाल वर्तुळाबाहेर गेली असेल. म्हणून तुम्हीच...”

“साडेसहा अंशांपर्यंत गेली. पेटीच्या बाहेरच्या बाजूला काटा असतो, तो सगळ्यांनी पाहिला. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. उलट खोटं करायचंच असतं, तर ती उडी मी आधी काढली असती. ती नसेल तर चकती खोटी, हे माझ्या प्रयोगशाळेतला झाडूवाला सांगेल.”

टाचणीबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं.

“आणि शेवटच्या सोमवारी? चकती काढली तेव्हा काटा कुठे होता?”

पेटीबाई खुर्चीच्या पाठीवर बोट फिरवत होत्या. ते बोट थांबलं.

“मला हात लावायची परवानगी नसते.”

“मी हाताचं नाही विचारलं. नजरेचं विचारलं.”

“मला नाही माहीत, ताई.”

इतका वेळ ‘ताई’ नव्हतं. ते आत्ताच आलं. टाचणीबाईंनी दार लागल्यावर टिपणाखाली लिहिलं : गुरुवारबद्दल खरं. सोमवारबद्दल खोटं.

एक वाजून दहा. जबाब, जसाच्या तसा

प्रश्न : सोमवारच्या पानावर सगळ्यांच्या सह्या निळ्या, तुमचीच काळी. का?

यंत्रकाका : माझं पेन काळं आहे.

प्रश्न : आदल्या शुक्रवारी निळं होतं. दुसऱ्या दिवशीही निळं.

यंत्रकाका : असेल. पेनाचं काय एवढं लक्षात ठेवतं कोणी.

प्रश्न : हजेरीपुस्तकाला दोरीने बांधलेलं पेन निळं आहे, काका. ज्याने त्या दिवशी सही केली, त्याने त्याच पेनाने केली. तुम्ही नंतर कधीतरी केलीत.

(यंत्रकाका हजेरीपुस्तक मिटून बाजूला सरकवतात.)

प्रश्न : त्या सोमवारी तुम्ही आला नव्हता.

यंत्रकाका : बाई, निवृत्तीला दोन महिने राहिलेत माझे. चौतीस वर्षांत एक डाग नाही.

प्रश्न : कुठे होता?

यंत्रकाका : ते सोडा. खाजगी आहे.

प्रश्न : चकती कधी काढलीत?

यंत्रकाका : मंगळवारी. दहाला.

प्रश्न : मग सोमवार ते मंगळवार चकती काय करत होती?

यंत्रकाका : फिरत होती. यंत्राला काय ठाऊक मी कुठे आहे ते. चावी दहा दिवस पुरते.

प्रश्न : म्हणजे आठवड्याची फेरी संपल्यावर पेन पुन्हा सोमवारच्याच खणात शिरलं?

यंत्रकाका : शिरलं ना. त्याच जागेवर दुसरी रेघ. पहिली वरून खाली आलेली, दुसरी खालून वर चढलेली. शेवटाला अकरा अंश. आठवा दिवस होता, बर्फाचं पाणी झालं होतं. चढणारच.

प्रश्न : तुम्ही चकतीवर लिहिलंत का, की ही आठव्या दिवसाची रेघ आहे?

यंत्रकाका : ते लिहिलं असतं, तर मी सोमवारी नव्हतो हेही लिहावं लागलं असतं.

प्रश्न : पेटीबाईंना हे माहीत होतं?

यंत्रकाका : पोर माझ्यापायी गप्प बसली. तिला यात ओढू नका. चांगली आहे हो.

दोन

टाचणीबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली गाड्या सावलीसाठी भांडत होत्या. बाईंनी काचेवर बोटाने एक वर्तुळ काढलं.

खऱ्या चकतीवर सोमवारच्या खणात दोन रेघा होत्या. ज्याला चकती वाचता येते, त्याला दिसलं असतं की पेटी सात दिवस टिकली, वर आणखी थोडी. ज्याला वाचता येत नाही, त्याला दिसलं असतं की सोमवारी रेघ लाल वर्तुळाबाहेर गेली, तीही दोनदा. पेटी नापास.

समजा, चोराला पेटी बुडवायची होती. मग त्याने चकती फाडली असती आणि हात झटकले असते. त्या जागी ‘पास’ झालेली चकती तो कशाला ठेवेल?

म्हणजे चोराला पेटी पास व्हायला हवी होती. आणि ती पास झालेलीच आहे, हे त्याला कळलं नव्हतं.

प्रयोगशाळेतलं कोणी ही चूक करणार नाही. पाकीट प्रयोगशाळेतून अहवाल शाखेत गेलं. तिथे ते दोनच माणसांच्या हातात पडतं.

फोन वाजला. “तीन तास राहिले,” सचिवबाई म्हणाल्या. “मी पेटीबाईंच्या निलंबनाचा कागद टाईप करून ठेवलाय. तारखेसकट.”

अडीच

दोघांपैकी पहिले टक्केसाहेब. अठरा वर्षं वार्षिक अहवाल त्यांच्याच हातून निघत होता. कोणत्याही संशोधनाला ते एकच प्रश्न विचारायचे, म्हणून हे नाव. माणूस हसरा, टेबल लखलखीत. शर्टाच्या खिशात चार पेनं.

टाचणीबाईंनी जुन्या कपाटातून एक वेगळीच चकती काढून आणली होती. कुठल्यातरी जुन्या शीतकपाटाची, दोन फेऱ्या झालेली, रेघेवर रेघ. काही न सांगता त्यांनी ती पुढे ठेवली.

“हे बघा जरा.”

टक्केसाहेबांनी चकती उचलली, लगेच उलटी केली, मागची सही बघितली, तारीख बघितली, आणि परत दिली.

“ठीक आहे. किती टक्के?”

“साहेब, तुम्ही पुढची बाजू बघितलीच नाहीत.”

“पुढे काय असतं? रेघ!” ते मोकळेपणी हसले. “रेघ बघणं माझं काम नाही, बाई. सही आहे का, तारीख आहे का, टक्के किती. रेघ शेजारच्या खोलीत. आमचे आकृतीकार साफ करतात.”

“साफ म्हणजे?”

“अहो, अहवालात असं वेडंवाकडं छापायचं का? मंत्रिमहोदय बघतात, पाहुणे बघतात. सगळ्या रेघा नीट करून घेतो आम्ही.”

“मूळ रेघ कुठे जाते?”

“प्रयोगशाळेत परत. फाईलला तीच लागते. अहवालात साफ केलेली.”

“हे कोणाच्या हुकमाने?”

टक्केसाहेब खरोखरच गोंधळले. “हुकूम कशाला लागतो? माझ्या आधीच्या साहेबांपासून असंच आहे. प्रगती आहे म्हटल्यावर रेघेला खड्डे कशाला?”

टाचणीबाई उठल्या. दारातून वळून त्यांनी विचारलं, “साहेब, चाळीसच्या चाळीस रेघा अशा साफ केलेल्या?”

“चाळीसच्या चाळीस,” टक्केसाहेब अभिमानाने म्हणाले. “यंदा एकही वाकडी नाही.”

बाहेरच्या बोळात टाचणीबाईंनी मसुद्याचं पान एकसष्ट पुन्हा उघडलं.

साडेतीन

आकृतीकारांच्या खोलीत एक उतरता पाट, एक दिवा आणि भिंतभर खण. प्रत्येक खणात विभागातल्या प्रत्येक यंत्राचा कोरा कागद. चौकोनी, पट्टीसारखा, गोल. त्यांनी बाईंना स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले.

“पाय दुखतील तुमचे. बसा.”

“सवय आहे, बाई. बसून सरळ रेघ येत नाही.”

टाचणीबाईंनी तीच जुनी चकती पाटावर ठेवली. आकृतीकारांनी ती उलटी केली नाही. त्यांचे डोळे रेघेवरून फिरले, एकमेकींवर चढलेल्या दोन रेघांपाशी अडकले, आणि दाताखाली खडा यावा तसं त्यांचं तोंड झालं.

“ही कोणाची?”

“का?”

“बिचाऱ्याचं काम फसलं म्हणायचं. लाल वर्तुळाच्या पार बाहेर गेलीय.”

“कितव्या दिवशी फसलं, सांगता येईल?”

“ते मला काय कळतंय. मला रेघ तेवढी कळते. चांगली की वाईट.”

“आणि वाईट असली, की तुम्ही चांगली करता.”

“तेच काम आहे माझं.”

“नऊ दिवसांपूर्वी पेटीची चकती आली. ती साफ केलीत. दर वेळी दोन कागद करता. साफ केलेला अहवालाला, मूळ परत. या वेळी मूळ परत गेली नाही. फाईलमध्येही साफ केलेलीच गेली. का?”

आकृतीकारांनी पाटावरची पट्टी उचलली, कपड्याने पुसली आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

“लेक आहे माझी,” ते म्हणाले. “परिचारिका आहे. डोंगराकडच्या दवाखान्यात, वीज असली तर असते. दर उन्हाळ्यात तिच्या लशी खराब होतात. खड्डा खणून पुरते. फोन करते तेव्हा काही सांगत नाही, नुसती म्हणते, बाबा, आज परत खणलं. ही पेटी आली की पहिल्या खेपेतली एक तिच्याकडे जाणार, यादीत नाव आहे. आणि इथे बघतो तर रेघ बाहेर. दोनदा. पोरीच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं झालं मला, बाई. वाटलं, एकच तर दिवस बिघडलाय. बाकी सहा दिवस चांगले आहेत.”

“गुरुवारची उडीही काढलीत.”

“तीही वाकडी होती.”

टाचणीबाईंनी आवाज वाढवला नाही. “पेटी खरंच नापास झाली असती तर? तुमच्या रेघेवर विसंबून ती डोंगरावर गेली असती. आत लस मेलेली, बाहेर तुमची सरळ रेघ. तुमच्या लेकीने तीच लस भरून एकेका पोराच्या दंडात टोचली असती. आणि तिने खड्डासुद्धा खणला नसता. कारण तिला कळलंच नसतं.”

आकृतीकार पहिल्यांदा स्टूल शोधू लागले. टाचणीबाईंनी आपलं त्यांच्याकडे सरकवलं.



“फाडली असेल ती चकती,” बाई म्हणाल्या. ती नसेल तर पेटीबाईंच्या बाजूने एका म्हाताऱ्याच्या शब्दापलीकडे काही उरत नव्हतं.

“मूळ कधी फाडत नाही मी.” त्यांनी पाटावर ताणून लावलेल्या कागदाचे चार खिळे एकेक करून काढले. कागदाखाली चकती होती. नऊ दिवस ते तिच्यावर काम करत होते.

पाचला चाळीस कमी

टाचणीबाईंच्या खोलीत पाचजण आणि खुर्च्या तीन. चकती मधे.

पेटीबाई तिच्यावर ओणव्या झाल्या. “हा कडा. ही गुरुवारची उडी, साडेसहा. हा पहिला आठवडा संपला, सात पूर्णांक एक. आणि ही दुसरी फेरी...” त्यांचं बोट लाल वर्तुळापाशी थांबलं. “दुपारी चारला आठ ओलांडले. सात दिवस सहा तास.” त्यांनी पुन्हा मोजलं. “सहा तास जास्त.”

“फसली नव्हती?” आकृतीकारांनी विचारलं आणि मान खाली घातली.

“पण ही दुसरी रेघ आठव्या दिवसाची, हे चकतीवर कुठेही लिहिलेलं नाही,” टाचणीबाई म्हणाल्या. “लेखी कोणीतरी द्यायला हवं.”

सगळ्यांनी यंत्रकाकांकडे बघण्याचं टाळलं. पेटीबाई म्हणाल्या, “काका, राहू दे. दुसरा काही मार्ग निघेल.”

“गप गं,” यंत्रकाका म्हणाले. “कागद द्या, बाई. आणि निळं पेन द्या, नाहीतर परत विचाराल.”

त्यांनी उभ्या उभ्या तीन ओळी लिहिल्या. सोमवारी मी नव्हतो. सही मंगळवारी केली. चकती मंगळवारी दहाला काढली. खाली नाव घातलं आणि पेन टोपण लावून परत दिलं.

टक्केसाहेबांनी सुस्कारा सोडला. “चला, म्हणजे चाळीस कायम.”

“नाही,” पेटीबाई म्हणाल्या.

“नाही काय नाही? पास झालीय ना तुमची पेटी!”

“चकती नऊ दिवस फाईलबाहेर होती. उद्या कोणीही बोट ठेवेल आणि त्याचं बरोबर असेल. भांडी ठेवायची पेटी असती तर चाललं असतं, साहेब. यात लस जाणार आहे. मी चाचणी पुन्हा करते.”

“अहो, यंदाचा अहवाल गेला म्हणजे पुढचा एकदम पुढच्या वर्षी! मान्यता तेव्हाच.”

“माहीत आहे मला.” त्यांनी चकतीवरचं बोट काढून घेतलं.

आकृतीकार हळूच म्हणाले, “म्हणजे हा उन्हाळा...”

“हो. हा उन्हाळा जाणार,” पेटीबाई म्हणाल्या.

पाचला दहा कमी. मत, मसुद्यासकट

~~बनावट चकती संशोधक बाईंनी~~

~~बनावट चकती कोणी केली हे निश्चित~~

बनावट चकती आकृतीकारांनी केली, त्यांनी ते मान्य केले आहे. संशोधक बाईंचा यात काहीही संबंध नाही. यंत्रचालकांचा जबाब सोबत जोडला आहे, तो त्यांनी आपण होऊन दिला, याची नोंद घ्यावी. पेटीचे नाव यंदाच्या यादीतून वगळावे आणि चाचणी पुन्हा घ्यावी.

आकृतीकारांनी जे केले, ते करायला या विभागाने त्यांना अनेक वर्षे शिकवले. उरलेल्या एकोणचाळीस प्रकल्पांच्या मूळ रेघा मागवाव्यात. त्या बघेपर्यंत अहवाल छापू नये.

मसुद्याची प्रत वर गेल्यावर तीन मिनिटांत सचिवबाईंचा फोन आला.

“दुसरा परिच्छेद मी मागितला नव्हता.”

“नव्हता.”

“तो काढलात, तर सगळं इथेच मिटेल. पेटीबाई सुटल्या, चोर सापडला. अजून काय हवंय तुम्हाला?”

टाचणीबाईंनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. सही अजून व्हायची होती. बाहेर बोळात पेटीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि शेजारी आकृतीकार.

“काही नको,” टाचणीबाई म्हणाल्या आणि फोन कानाला तसाच धरून त्यांनी दोन्ही परिच्छेदांखाली सही केली.

पाचला आलेली छापखान्याची गाडी सव्वापाचला रिकामी परत गेली.

पेटीची पहिली चाचणी चार वर्षांपूर्वी एका बुधवारी झाली होती. त्या वेळी पेटी अकरा तास टिकली; यंदा सात दिवस सहा तास.